रात्री साखर उतरली तर: शेजारी झोपणाऱ्या माणसासाठी

इन्सुलिन घेणारं कुणी घरात असलं की सगळ्यांचं लक्ष साखर वाढण्याकडे असतं. भात मोजून वाढला जातो, चहा बिनसाखरेचा होतो, लग्नात जिलेबीच्या ताटाकडे नजर ठेवली जाते. साखर उतरण्याबद्दल मात्र बऱ्याच घरांत एवढंच ठाऊक असतं, की चक्कर आली तर काहीतरी गोड खायचं. दिवसा तेवढ्यावर निभावतंही. हात थरथरतात, घाम फुटतो, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते आणि माणूस स्वतःच उठून साखर तोंडात टाकतो.

रात्री तसं होत नाही. साखर खाली गेली की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडून धोक्याची सूचना देतं, पण झोपेत ही सूचनाच मंद पडते. माणूस जागा होत नाही आणि साखर उतरत राहते. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहावर (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही) डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात रुग्णाला दुसऱ्याची मदत लागावी इतकी साखर उतरल्याच्या ज्या घटना नोंदल्या गेल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक झोपेत घडलेल्या होत्या.

म्हणून हा लेख रुग्णाइतकाच शेजारी झोपणाऱ्यासाठी आहे: बायको, नवरा, आई, सून, वसतिगृहातला खोलीतला मित्र. घरात नुकतंच इन्सुलिन सुरू झालं असेल, तर आज रात्रीच्या आत पुढची तयारी करून टाका.

आधी औषधांची पाकिटं बाहेर काढा

प्रत्येक मधुमेहीला हा धोका सारखा नसतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरणं दुर्मीळच. धोका मुख्यतः दोन प्रकारच्या औषधांनी असतो. एक, कुठलंही इन्सुलिन. दुसरं, सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड. आपल्याकडे अनेकदा गोळी एक आणि तिच्यात औषधं दोन किंवा तीन असतात. पाकिटावरचं ठळक नाव कंपनीचं असतं, औषधांची नावं त्याखाली बारीक अक्षरात. ती चष्मा लावून वाचा आणि कागदावर उतरवून ठेवा.

वाचताना आणखी एक नाव शोधा: व्होग्लिबोज किंवा अकार्बोज. ही औषधं साखरेचं आतड्यात होणारं विघटन मंदावतात. ती चालू असतील, तर ऐन वेळी घरातली साखर, गूळ किंवा सरबत लवकर उपयोगी पडणार नाही. अशा माणसाला ग्लुकोजच द्यावं लागतं. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकाच गोळीत असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे, आणि ही गोष्ट रुग्णाला सांगितली गेलेली नसते.

वय ७० च्या पुढे, मूत्रपिंडाचा त्रास, बऱ्याच वर्षांचा मधुमेह, अलीकडे घटलेलं वजन किंवा कमी झालेलं जेवण, याआधी एकदा तरी साखर उतरून बेशुद्ध पडणं: यातलं काहीही असेल तर जास्त सावध राहा. मूत्रपिंड मंदावलं की इन्सुलिन आणि काही गोळ्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त ठरतो.

तीन पातळ्या लक्षात ठेवा

ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर उतरली, उपाय लगेच. ५४ च्या खाली म्हणजे मेंदूला साखर कमी पडू लागली, इथे एक मिनिटही दवडायचं नाही. तिसरी पातळी आकड्यावर ठरत नाही: स्वतःचं स्वतःला काही करता येत नाही, दुसऱ्याची मदत लागते, तेव्हा मीटर काहीही दाखवो, ती गंभीर अवस्था समजायची. (हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले आहेत. परदेशातल्या वाचकांच्या मीटरवर एकक वेगळं, मिलिमोल प्रति लिटर, असू शकतं. तिथे ७० म्हणजे ३.९ आणि ५४ म्हणजे ३.०.)

संध्याकाळी करायची तयारी

एक छोटा डबा घ्या आणि तो रुग्णाच्या उशाशी ठेवा. स्वयंपाकघरात किंवा देवघराशेजारच्या कपाटात नको. रात्री तीन वाजता घाबरलेल्या माणसाला कपाटातलं काही सापडत नाही.

डब्यात साध्या ग्लुकोज पावडरच्या १५ ग्रॅमच्या चार पुड्या असू द्या. घरी वजनकाटा नसेल तर वाण्याकडे एकदा तोलून घ्या. चमच्याने मोजायचं झालं, तर चहाचे तीन चांगले भरलेले चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम होतात, पण अंधारात कुणाचा चमचा केवढा, याचा नेम नसतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, पावडर ओलावा धरून दगडासारखी होते. तेव्हा पुड्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि महिन्याला बदला. सोबत पाण्याची बाटली, ग्लुकोमीटर, पट्ट्या, सुया, टॉर्च आणि मारी बिस्किटांचा एक पुडा. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: औषधांची नावं, डोस, डॉक्टरांचा फोन, जवळच्या रात्रभर उघड्या दवाखान्याचा फोन आणि १०८.

डब्यात काय नसावं, हेही सांगितलं पाहिजे. बिनसाखरेची गोडी देणारी पावडर आणि ‘डाएट’ शीतपेय इथे अजिबात कामाचं नाही, कारण त्यात साखरच नसते. मधुमेह्याच्या घरात साखरेच्या बरणीशेजारी तशीच दुसरी डबी असते आणि घाईत तीच हाती लागते. ओआरएसचं पाणीही पुरत नाही. लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं जेमतेम १३.५ ग्रॅम, म्हणजे एका पेल्यात तीन ग्रॅमही नाही. चॉकलेट, पेढा, बेसनाचा लाडू यांत साखर असली तरी तुपामुळे, चरबीमुळे ती रक्तात सावकाश पोचते. आपल्याला हवी असते ती दहा-पंधरा मिनिटांत रक्तात येणारी साखर.

ग्लुकागॉन नावाचं इंजेक्शन बेशुद्ध माणसाला घरच्यांनाही देता येतं. ते यकृतातला साखरेचा साठा मोकळा करतं. आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही, आधी सांगून मागवावं लागतं. टाइप १ चा रुग्ण असेल किंवा पूर्वी बेशुद्ध पडण्याची वेळ आली असेल, तर डॉक्टरांकडे ते स्वतःहून मागा. कसं मिसळायचं, कुठे टोचायचं हे त्यांच्यासमोर शिकून घ्या आणि मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. अमेरिकेत, युरोपात असलेल्यांना हेच औषध नाकात मारायच्या स्वरूपातही मिळतं.

झोपण्याआधी एक थेंब रक्त

इन्सुलिन चालू असेल तर झोपण्याआधी साखर तपासण्याची सवय लावा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा किंवा केळं खाल्लेल्या बोटाने तपासलं तर आकडा खोटाच जास्त दिसतो आणि तो खोटा दिलासा महागात पडतो.

आकडा ७० च्या खाली असेल तर आधी उपाय, मग झोप. ७० ते १०० मध्ये असेल तर उपाशी झोपू नका. अर्धा पेला दूध आणि अर्धी भाकरी, किंवा दोन-तीन बिस्किटं आणि मूठभर शेंगदाणे घ्या. १०० च्या पुढे बहुतेकांना चालतं. पण ज्येष्ठांसाठी, आणि ज्यांना साखर उतरल्याचं जाणवतच नाही त्यांच्यासाठी, डॉक्टर याहून वरची मर्यादा ठरवून देतात. तुमची मर्यादा कोणती हे विचारून कागदावर लिहून घ्या. आणि रोजच रात्री काहीतरी खाऊन साखर सांभाळावी लागत असेल, तर डोस जास्त आहे. तो कमी करून मागा, रोज पोटात ढकलत बसू नका.

दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर असेल तर कमी साखरेचा अलार्म ७० किंवा ८० ला लावा आणि तो आवाज शेजारी झोपणाऱ्याला ऐकू जातो का, हे तपासा. काही सेन्सर मोबाइल जवळ नेल्याशिवाय आकडा सांगत नाहीत आणि आपणहून वाजतही नाहीत, तेव्हा आपला कोणता आहे ते माहीत असू द्या. सेन्सर काही मिनिटं मागे असतो. शिवाय माणूस त्याच दंडावर दाबून झोपला तर आकडा खोटाच खाली जातो. अलार्म वाजला की कूस बदलायला लावा, बोटातून रक्त काढून खात्री करा. लक्षणं दिसत असतील तर मात्र खात्रीसाठी थांबू नका.

झोपेतल्या माणसाची साखर उतरली हे कसं ओळखायचं

सगळ्यात विश्वासू खूण घाम. पंखा चालू असताना मान, छाती, उशी ओली झाली आणि हात लावल्यावर अंग गार, चिकट लागलं, की उठवाच. झोपेत बडबडणं, ओरडणं, वाईट स्वप्नं, हातपाय झाडणं, लहान मुलांचं झोपेत रडणं, नेहमीपेक्षा वेगळं घोरणं: या सगळ्यांकडे ‘स्वप्न पडलं असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नका. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर छातीतली धडधड आणि थरथर झाकली जाते, पण घाम येतोच.

उठवल्यावर माणूस विचित्र वागू शकतो. विनाकारण चिडतो, हात झटकतो, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून पुन्हा कूस वळवतो, तोंडातून शिवीही जाते. आयुष्यात कधी आवाज न चढवलेले आजोबा असं बोलले की घरचे दुखावतात आणि मागे सरतात. ते त्या क्षणी त्यांचे शब्द नसतात, मेंदूला साखर मिळत नसते. कधी जीभ जड होते, एका बाजूचा हातपाय लुळा पडतो आणि अर्धांगवायू झाल्यासारखं वाटतं. अशा वेळी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवाच, पण ती येईपर्यंत साखर तपासा. बाहेरची बाधा, दृष्ट असल्या विचारात गेलेला वेळ परत मिळत नाही.

सकाळीही खुणा राहतात. डोकं जड, अंग मोडल्यासारखं, कपडे ओलसर, झोपूनही थकवा. असं वारंवार होत असेल तर दोन-तीन रात्री गजर लावून पहाटे तीनला साखर तपासा.

माणूस जागा आहे, गिळू शकतो

त्याला उठवून बसवा. झोपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका. मीटर हाताशी असेल तर तपासा, नसेल तर तपासण्याच्या भानगडीत न पडता उपाय सुरू करा. साखर कमी नसताना चमचाभर ग्लुकोज दिल्याने कुणाचा जीव जात नाही.

ग्लुकोजची एक पुडी थोड्या पाण्यात कालवून पाजा. आकडा ५४ च्या खाली असेल तर सव्वा पुडी. ग्लुकोज नसेल, आणि व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू नसेल, तर चार सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा अर्धा पेला फळांचा गोड रस, किंवा तेवढंच साधं शीतपेय. लहान मुलांचं प्रमाण वजनावर: किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ९ ग्रॅम.

आता घड्याळ बघा आणि पंधरा मिनिटं थांबा. हे थांबणं फार कठीण जातं. रुग्णाला भुकेने वेड लागायची पाळी आलेली असते, हाती लागेल ते तो खाऊ पाहतो, आणि घरचेही घाबरून पेल्यावर पेले पाजतात. तसं केलं तर तासाभराने साखर ३०० वर जाते आणि पुढचा अख्खा दिवस ती उतरवण्यात जातो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर दुसरी पुडी, पुन्हा पंधरा मिनिटं. दोन-तीन पुड्या होऊनही आकडा हलला नाही, तर दवाखान्याचा रस्ता धरा.

७० च्या वर आली की काम अर्धंच झालं. प्यायलेलं ग्लुकोज लवकर संपतं, पण इन्सुलिन किंवा गोळी अंगात काम करतच असते आणि सकाळच्या नाश्त्याला अजून तास आहेत. म्हणून आता टिकणारं काही द्या: दूध आणि बिस्किटं, अर्धी पोळी, वरणभात असेल तर चार घास. या खाण्यासाठी वेगळं इन्सुलिन घ्यायचं नाही. तासाभराने एकदा आणि पहाटे एकदा तपासा. त्या रात्री कुणीतरी जागं राहिलेलं बरं.

माणूस गोंधळलेला आहे, ऐकत नाही

वाद घालू नका, ‘तुम्हाला काय होतंय’ हा प्रश्नही नको. बसवा, डोळ्यांत बघून शांतपणे छोटी आज्ञा द्या: ‘बाबा, हे प्या.’ आधी घोटभर पाणी देऊन बघा. स्वतःहून गिळलं तर ग्लुकोजचं पाणी एकेक घोट द्या. पाणी ओठांतून ओघळलं किंवा ठसका लागला, की तोंडातून देणं बंद. तिथून पुढे तो बेशुद्ध आहे असंच धरून चाला.

शुद्ध हरपली किंवा आकडी आली

तोंडात काहीही घालू नका. पाणी नको, साखर नको, दातखिळी सोडवायला चमचा तर मुळीच नको. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं सरबत श्वासनलिकेत जातं आणि साखरेपेक्षा मोठं संकट ओढवतं. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही.

त्याला डाव्या कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे टेकवा, मान किंचित मागे, तोंड जरा खालच्या बाजूला, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल. आकडी असेल तर हातपाय धरून दाबू नका, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा. १०८ ला फोन लावा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही हाच क्रमांक चालतो. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मधुमेहाचा पेशंट आहे, इन्सुलिनवर आहे, बेशुद्ध आहे.’ पत्ता सांगताना ओळखीची खूण द्या आणि एकाला रस्त्यावर उभं करा. गाव आडवाटेला असेल आणि शेजाऱ्याची गाडी आधी मिळत असेल तर तीत घालून न्या, पण वाटेतही कुशीवरच.

ग्लुकागॉन घरात असेल तर आत्ताच. मोठ्यांना १ मिलिग्रॅम, २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना अर्धा. मांडीत टोचा. दहा-पंधरा मिनिटांत माणूस जागा होतो आणि पुष्कळदा उलटी करतो, म्हणून कुशीवर ठेवणं इथेही आलंच. शुद्ध आली की तोंडाने साखर आणि मग खाणं. रात्री दारू झाली असेल किंवा दिवसभर पोटात काही नसेल तर यकृतात साठाच उरलेला नसतो आणि ग्लुकागॉनचा उपयोग कमी होतो. इंजेक्शन दिलं म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स रद्द करू नका.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देतात, मोठ्यांना बहुधा २५ टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीतून, आणि काही मिनिटांत माणूस डोळे उघडतो. इथेच घरचे चुकतात: ‘आता बरं आहे’ म्हणून पहाटे घरी घेऊन येतात. रुग्ण सल्फोनिलयुरिया गोळीवर असेल तर हे फार धोक्याचं आहे. या गोळ्यांचा अंमल लांबतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी, आणि सलाइन काढल्यावर काही तासांनी साखर पुन्हा कोसळते. गोळीचं पाकीट डॉक्टरांच्या हातात द्या आणि निदान २४ तास देखरेखीखाली ठेवायचं का, हे तुम्हीच विचारा. डॉक्टर थांबायला सांगत असतील तर घाई करू नका.

सकाळी कारण शोधा

ही पायरी लोक सोडून देतात आणि म्हणून आठवड्याभरात तेच पुन्हा घडतं. कालच्या दुपारपासूनचा दिवस आठवा.

जेवण आणि इन्सुलिनची वेळ जुळली का? साधं (रेग्युलर) किंवा ते मिसळलेलं मिश्र इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं. आजी आठला टोचून घेतात, मुलगा कामावरून येईपर्यंत थांबतात आणि साडेनऊला दोन घास खातात. मिश्र इन्सुलिनमधल्या लांबणाऱ्या भागाचा जोर साधारण चार ते दहा तासांनी असतो, म्हणजे संध्याकाळच्या डोसाचा नेमका मध्यरात्रीनंतर. ताट समोर येण्याची खात्री झाल्याशिवाय सुई लावायची नाही, हा नियम घरात पाळा. जेवणाचा भरवसा नसलेल्या वृद्धांसाठी जेवणानंतर लगेच घेता येणारं जलद इन्सुलिन असतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

सिरिंज बरोबर होती का? आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० ची कुपी आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली तर अडीचपट इन्सुलिन अंगात जातं. पेनच्या काडतुसातलं इन्सुलिन सहसा १०० चं असतं, काही पेनमध्ये त्याहूनही तीव्र. पेन बिघडलं म्हणून त्यातून सिरिंजने काढू नका. मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आईवडिलांनी हे विशेष पाहावं, तिथल्या कुप्या सहसा १०० च्या असतात. मेडिकलमधून बाहेर पडण्याआधी कुपीवरचा आकडा आणि सिरिंजचं टोपण जुळवून बघा.

डोस दोनदा झाला का? विसरभोळ्या माणसाने नऊला घेतलेली गोळी दहाला पुन्हा घेतलेली असते. वारांचे खण असलेली डबी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिक, एवढ्याने हे थांबतं.

अंगमेहनत जास्त झाली का? व्यायामानंतर स्नायू पुढचे कित्येक तास, कधी २४ तासांपर्यंत, रक्तातली साखर ओढत राहतात. म्हणून संध्याकाळच्या श्रमाचा हिशोब रात्री चुकता होतो. नवरात्रात दिवसभर उपास आणि रात्री बारापर्यंत गरबा, विसर्जनाची मिरवणूक, वारीतली दिवसभराची चाल, शेतात भात लावणीचा दिवस: या प्रत्येक रात्री डोस तोच ठेवला तर साखर उतरायची भीती असते. असे दिवस आधी माहीत असतात, तेव्हा डॉक्टरांना आठवडाभर आधीच विचारा. एकादशी, चतुर्थी, रोजे यांचंही तेच. उपास धरायचा असेल तर त्या दिवसाचा डोस वेगळा लिहून घ्यायचा, आणि साखर ७० च्या खाली गेली की उपास तिथेच सोडायचा. यात देवाधर्माचा काही कमीपणा होत नाही.

दारू होती का? यकृत दारू निपटण्यात गुंतलं की साखर तयार करणं मंदावतं, आणि पहाटेपर्यंत धोका राहतो. भर म्हणजे घामेजलेला, अडखळत बोलणारा माणूस बघून घरचे म्हणतात, चढली असेल, झोपू दे.

आणि टोचण्याची जागा. वर्षानुवर्षं पोटावर एकाच ठिकाणी टोचून तिथे गाठ आली असेल तर तिच्यातून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही आणि डोस वाढवला जातो. मग एके दिवशी चांगल्या कातडीवर टोचलं की तो वाढीव डोस पूर्ण ताकदीने लागू होतो. गाठ हाताने चाचपून बघा, आणि जागा बदलण्याआधी डोसबद्दल विचारा.

डॉक्टरांना काय सांगायचं

त्याच दिवशी फोन करा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका. किती वाजता, आकडा किती, काय दिलं, कितीला वर आली, आदल्या दिवशी काय वेगळं घडलं, एवढं सांगा. कारण सापडलं नाही तर डॉक्टर रात्रीचं इन्सुलिन बहुधा १० ते २० टक्क्यांनी कमी करतात किंवा गोळी बदलतात. घाबरून इन्सुलिन पूर्ण बंद मात्र करू नका. टाइप १ मध्ये त्याने दुसऱ्या टोकाचं, तितकंच जीवघेणं संकट येतं.

सकाळची उपाशीपोटी साखर जास्त आली की रात्रीचा डोस वाढवायचा, ही घाईही बरी नव्हे. पहाटे संप्रेरकांमुळे साखर आपोआप चढते. त्याआधी मध्यरात्री ती उतरलेली होती का, हे पहाटे तीनचा आकडा पाहिल्याशिवाय कळत नाही. तो आकडा घेऊन मगच डॉक्टरांकडे जा.

ज्येष्ठांच्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीबद्दल, म्हणजे एचबीएवनसी या तपासणीबद्दल, मला स्पष्ट बोलायचं आहे. ७८ वर्षांच्या, ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांची एचबीएवनसी ६.२ आली की घरात आनंद होतो. मला त्या आकड्याची काळजी वाटते. इतर आजार असलेल्या वृद्धांसाठी ८ च्या आत ठेवणंही पुरेसं मानतात. ६.२ मागे किती रात्रींची उतरलेली साखर लपली आहे, हे विचारायला हवं.

एक दिलासाही आहे. वारंवार साखर उतरून ज्यांना त्याची जाणीवच होईनाशी झाली आहे, त्यांनी काही आठवडे साखर थोडी वरच्या पातळीवर ठेवून एकही घसरण होऊ दिली नाही, तर ती जाणीव बऱ्याच जणांत परत येऊ लागते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

एकट्याने राहणाऱ्यांसाठी

मुलं पुण्यात किंवा परदेशात आणि आईवडील गावी, किंवा शिकायला आलेला टाइप १ चा मुलगा भाड्याच्या खोलीत एकटा, अशी घरं आता पुष्कळ आहेत. शक्य असेल तर दुसऱ्याच्या मोबाइलवर सूचना पाठवणारा सेन्सर घ्या, पण तो फोन रात्री आवाज बंद करून ठेवू नका. रोज सकाळी ठरलेल्या वेळी एक मेसेज, आणि तो आला नाही तर पंधरा मिनिटांत शेजाऱ्याला फोन, एवढं तरी ठरवून घ्या. घराची एक किल्ली शेजारी असू द्या. दाराला आतून साखळी किंवा कडी लावायची सवय मोडा, नाहीतर किल्ली असूनही दार उघडत नाही. आणि शेजाऱ्याला उशाशी ठेवलेला तो डबा एकदा प्रत्यक्ष दाखवा: ही पुडी जागा असेल तर द्यायची, जागा नसेल तर तोंडात काही न घालता कुशीवर वळवून १०८ लावायचा.